पंधरा वर्षांच्या मुलाचं वजन

उडणाऱ्या मुलाचं चित्र हलतं करायला ॲनिमेशनमध्ये तुलनेने कमी कष्ट पडतात, हे ऐकून बाहेरच्या माणसाला नवल वाटतं. हवेत गेलेल्या शरीराखाली जमीन नसते. टाच आधी टेकते की चवडा, भार कोणत्या पायावर आहे, पाऊल घसरतंय का, यातलं काहीच दाखवावं लागत नाही. अंग ताणलेली एक पोज घ्यायची, मागचं आकाश सरकवायचं, केस आणि शर्टाची टोकं फडफडती ठेवायची, की शॉट उभा राहतो. कस लागतो तो मुलगा खाली उतरताना. गच्चीवरून रस्त्यावर आलेल्या पंधरा वर्षांच्या पोराचे गुडघे किती वाकतील, तोल कुठल्या बाजूला जाईल, आपल्याला कुणी पाहिलं तर नाही ना हे बघायला मान आधी कुठे वळेल, हे ज्याला ठरवावं लागतं त्याचा अख्खा दिवस त्या दोन सेकंदांत जातो.

बुऱ्हाणपूरच्या इतवारा भागात वाढलेली एक चित्रकार गेली बरीच वर्षं अशी उतरण्याची चित्रं काढते आहे. शिक्षण इंदूरला, उमेदवारी पुण्यातल्या स्टुडिओत, आणि 2020 च्या टाळेबंदीत सगळ्यांना संगणक घरी न्यायला सांगितलं तेव्हापासून मुक्काम पुन्हा इतवाऱ्यात. तिचं काम स्टोरीबोर्डचं. देशी-परदेशी वाहिन्यांच्या मालिका तिच्याकडे येतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा एकाच घाटाच्या असतात. शाळकरी मुलगा किंवा मुलगी, अवचित अंगात आलेली शक्ती, घरच्यांपासून लपवलेलं गुपित. करारामुळे त्या मालिकांची नावं सांगता येत नाहीत, म्हणून इथे तिचंही नाव दिलेलं नाही.

स्टोरीबोर्ड हे संहितेचं पहिलं चित्ररूप. लेखकाने एक ओळ लिहिलेली असते: मुलगा पळत गल्लीत शिरतो आणि दिसेनासा होतो. त्या ओळीची दहा-बारा चौकटींत फोड करायची. कॅमेरा जमिनीलगत की छपरावर, मुलगा चौकटीत डावीकडून येतो की उजवीकडून, पाठलाग करणारे त्याला कधी दिसतात आणि आपल्याला कधी. या चौकटी तात्पुरत्या आवाजांवर बसवून ॲनिमॅटिक करतात; भाग किती वेळ चालेल, कुठे ढिला पडतोय, ते तिथे कळतं. पुढे पात्रांचे सांधे बांधणारे, पार्श्वभूमी रंगवणारे, मुख्य पोज काढणारे, मधली चित्रं भरणारे, ओठ आवाजाशी जुळवणारे असे हात लागत जातात. 11 मिनिटांचा एक भाग घेतला आणि सेकंदाला 25 फ्रेम धरल्या, तर 16,500 फ्रेम होतात. प्रत्येक चित्र दोन फ्रेम रोखून धरलं तरी 8,250 चित्रं. संगणकाने यातला पुष्कळ भार उचलला आहे, पण प्रत्येक चित्राकडे अजूनही कुणीतरी डोळे लावून बघतंच.

घरी बसून काम घेणाऱ्या ॲनिमेटरला पैसे मिळतात ते सेकंदावर. ती या धंद्यात शिरली तेव्हा हे बाबांना समजावून सांगावं लागलं नाही. बुऱ्हाणपूर पावरलूमचं गाव. बाबांचं आयुष्य मागावर गेलं आणि मागावरची मजुरी मीटरने मिळते. त्यांनी एकच विचारलं, ‘‘आणि माल परत आला तर?’’ कापडात दोष निघाला की त्याचे पैसे कापले जातात. ॲनिमेशनमध्ये परत आलेल्या मालाला रीटेक म्हणतात. दिग्दर्शकाने शॉट परत पाठवला की तो पुन्हा करायचा, आणि पुष्कळ ठिकाणी त्या दुसऱ्या-तिसऱ्या खेपेचा वेगळा मोबदला नसतो. सुपरहिरोच्या एका उडीमागे असे किती हात राबतात, हे पडद्यावरच्या नामावलीवरून कळत नाही. ती नामावली पळवत नेतात आणि खाली पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात सुरू होते.

किशोरवयीन सुपरहिरो ही कल्पना आता इतकी रुळली आहे की ती कधीतरी नवी होती हे लक्षातच येत नाही. ऑगस्ट 1962 च्या अंकात स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांचा स्पायडरमॅन छापून आला, तोवर अमेरिकन कॉमिक्समधली पोरं बहुधा एखाद्या मोठ्या नायकाच्या हाताखाली असायची. स्पायडरमॅन होणारा पीटर पार्कर शाळेत जाणारा, चष्मा लावणारा, काका-काकूंच्या घरात वाढलेला, आणि तरी गोष्ट त्याचीच. 1967 मध्ये त्याची ॲनिमेशन मालिका सुरू झाली. पैसा बेताचा होता, म्हणून इमारतींमधून झोके घेत जाणाऱ्या स्पायडरमॅनचे तेच तेच तुकडे भागामागून भागात वापरले गेले. जपानमध्ये 1992 साली आलेल्या ‘सेलर मून’मध्ये चौदा वर्षांच्या उसागीचं रूपांतर असंच दर भागात परत यायचं. 2005 च्या अखेरीस कार्टून नेटवर्कवर आलेल्या ‘बेन टेन’मध्ये दहा वर्षांचा बेन मनगटावरच्या ऑम्निट्रिक्सवर हात आपटतो आणि परग्रहवासी होतो, तेही ठरलेले, पुन्हा वापरायचे तुकडे. पुढे 2008 च्या ‘एलियन फोर्स’मध्ये तोच बेन पंधरा वर्षांचा होऊन आला.

या तुकड्यांबद्दल तिला मनापासून आस्था आहे. काटकसरीतून निघालेल्या युक्तीची मुलांनी पर्वणी करून टाकली. पुढे काय दिसणार हे मुलाला पाठ असतं आणि तरी, किंबहुना म्हणूनच, ते त्या क्षणाची वाट बघत बसतं. तिची तक्रार वेगळी आहे. तिच्या हातून गेलेल्या अनेक मालिकांमध्ये वेळ, पैसा आणि चांगले चित्रकार रूपांतरावर लावलेले असायचे. त्याआधीचा आणि त्यानंतरचा मुलगा मात्र पुठ्ठ्याचा. दप्तर खांद्याला लावलेलं, पण दप्तराचा भार खांद्यावर नाही. जेवायला बसलेला, पण भूक नाही. अशा मुलाच्या अंगात वीज आली काय आणि आग आली काय, ती येऊन कुठे राहणार?

याचं उत्तर ज्यांनी चित्रातून दिलं त्यांची उदाहरणं ती नव्याने कामाला लागलेल्या मुलांना दाखवते. कोहेई होरिकोशीच्या ‘माय हिरो ॲकॅडेमिया’तला इझुकू मिदोरिया. शक्तीविना जन्मलेला हा मुलगा, त्याला ती वारशाने मिळते, आणि तो पहिल्यांदा वापरतो तेव्हा त्याची हाडं मोडतात. त्याच्या शरीराला ती पेलत नाही, आणि कितीतरी भाग त्या पेलण्याचेच आहेत. दुसरं उदाहरण 2018 च्या ‘स्पायडरमॅन : इंटू द स्पायडर-व्हर्स’मधलं. जंगलातल्या प्रसंगात सराईत स्पायडरमॅन पीटर सेकंदाला 24 चित्रांनी हलतो आणि नवखा स्पायडरमॅन माइल्स 12 चित्रांनी. एकाच चौकटीत दोघे धावतात. एकाची हालचाल रेशमासारखी, दुसऱ्याची अडखळती. माइल्सला अजून जमत नाही, हे एकाही संवादाविना डोळ्यांना कळतं. प्रेक्षकांपैकी फार थोड्यांनी चित्रं मोजली असतील, पण त्या मुलाचं चाचपडणं सगळ्यांच्या अंगाला जाणवलं. पुढे या चित्रपटाला ऑस्कर मिळालं. तिच्या मते त्या सन्मानातला मोठा वाटा या 12 चित्रांचा आहे.

शरीराचा भार चित्रात उतरवण्याचं हे ज्ञान आपल्याकडे आजचं नाही. 1956 मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग सुरू झाला. डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्य योजनेतून तिथे शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत राम मोहन होते. 1957 चा ‘द बन्यन डीअर’ हा जातककथेवरचा लघुपट त्या वर्गाचं फळ. हरणाने उडी मारण्याआधी मागच्या पायांवर बसावं लागतं आणि खाली आल्यावर त्याच्या पाठीतून लाट जावी लागते, हे धडे मुंबईत तेव्हापासून गिरवले जात आहेत. राम मोहन 2019 मध्ये गेले. त्यांच्या पिढीने विद्यार्थ्यांना घडवलं, विद्यार्थ्यांनी आणखी विद्यार्थ्यांना, आणि ती साखळी पुण्यातल्या तिच्या पहिल्या वरिष्ठापर्यंत आली होती. तो नवख्यांना संगणकाला हात लावू द्यायचा नाही. खुर्चीवरून उठा म्हणायचा. पुन्हा बसा. पुन्हा उठा. आता सांगा, उठताना आधी काय पुढे गेलं? बहुतेक जण सांगायचे, पाय. जातं डोकं.

वजनाचा हा मुद्दा कलाकुसरीपुरता आहे असं तिला वाटत नाही, आणि त्यामागे इतवाऱ्यातलं बालपण आहे. 1997 च्या सप्टेंबरात दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ ही मालिका सुरू झाली. ती जोरात असताना, शक्तिमान येऊन वाचवील या भरवशावर मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या छापून येऊ लागल्या. त्यांत खरं किती, खोटं किती यावर पुष्कळ वाद झाला, आणि शक्तिमानची भूमिका करणाऱ्या मुकेश खन्ना यांनी पडद्यावरूनच मुलांना समजावलं की हे करून बघू नका. इतवाऱ्यात तेव्हा गच्च्यांच्या दारांना कुलपं लागली. जुनी घरं भिंतीला भिंत लावून उभी, एका गच्चीवरून पुढच्या चार गच्च्यांवर जाता येतं, पोरं दिवसभर तिथेच. आईने किल्ली पदराला बांधली.

म्हणून कुठलाही उतरण्याचा शॉट हातात आला की तिला पडद्यासमोरचं मूल आठवतं. पडद्यावरचा मुलगा तिसऱ्या मजल्यावरून येऊन पीस पडल्यासारखा टेकला, तर बघणाऱ्याच्या मनात उंचीचा हिशेब चुकीचा बसतो. त्याने धडपडून भिंतीचा आधार घेतला, तळवे चोळले, दोन पावलं लंगडला, तर शक्तीही कळते आणि उंचीही कळते. वाहिन्यांचे लोक सूचना देतात की मुलं अनुकरण करतील असं दाखवू नका, उंचावरून उडी टाळा. सूचना रास्त आहे. पण ज्या मालिकेचा नायकच उडतो तिच्यात उडी कुठे टाळणार? तिने यावर काढलेला उपाय सरळ आहे: प्रत्येक उडीची किंमत शरीरावर दाखवायची. त्यासाठी अर्धा-पाऊण सेकंद जास्त लागतो, आणि त्या पाऊण सेकंदासाठी ती ॲनिमॅटिकच्या बैठकीत भांडते. कधी मिळतो. पुष्कळदा गाणं लांबलं म्हणून कापला जातो.

मराठी वाचकाला या वयाचा नायक नवा नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तसा कुठलीच दैवी शक्ती नसलेला, पण फुरसुंगीचा, पुण्यातल्या विद्या भवनात शिकणारा, सायकलवरून हिंडणारा. त्याला पत्ता होता. ज्यांनी तो वाचला त्यांना पुण्याचे रस्ते त्याच्या मागे बसून पाहिल्यासारखे वाटायचे. घरातल्या जुन्या ट्रंकेत तिच्या काकाने जपलेली इंद्रजाल कॉमिक्सही होती. 1964 पासून टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनातून येणारी ही मालिका मराठीतही निघायची आणि वेताळ घराघरांत पोचला तो तिच्यातून. भडक सपाट रंग, किंचित हललेली छपाई, रेषेबाहेर सांडलेला लाल. ‘हे चुकलेलं नाही, हेच सुंदर आहे,’ असं कुणी तेव्हा म्हटलं नव्हतं. ते म्हटलं गेलं 2023 मध्ये. ‘स्पायडरमॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मध्ये मुंबई आणि मॅनहॅटन मिसळून बनवलेलं मुंबॅटन नावाचं शहर येतं, आणि ते रंगवताना चित्रकारांनी इंद्रजाल कॉमिक्सच्या पानांचा आधार घेतला होता. मुंबॅटनचा स्पायडरमॅन, पवित्र प्रभाकर, मूळचा 2004 च्या भारतीय कॉमिक्समधला. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी घडवलेला. चित्रपटात त्याच्या हालचालींना कळरीपयट्टूची लय दिली. भारतात हा चित्रपट दहा भाषांत लागला, त्यांत मराठीही होती.

पवित्र पडद्यावर येण्याआधी मुंबईचा आणखी एक मुलगा तिथे येऊन गेला होता. स्टॅन ली आणि शरद देवराजन यांचा ‘चक्र : द इन्व्हिन्सिबल’ 30 नोव्हेंबर 2013 रोजी कार्टून नेटवर्कवर दाखवला गेला. नायक राजू राय, मुंबईत राहणारा हुशार पोरगा. एका शास्त्रज्ञाच्या मदतीने बनवलेला पोशाख घातला की शरीरातली चक्रं जागी होतात आणि प्रत्येक चक्राची शक्ती निराळी. कल्पना तिला आजही मोठी वाटते, कारण शक्ती बाहेरून न येता अंगातच होती. राजूच्या मुंबईत तिला जे हवं होतं ते थोडं वेगळं होतं: लोकलच्या दारात उभं राहायची त्याची रीत, चाळीच्या जिन्यावर पाऊल कुठे ठेवायचं याची सवय, पावसाळ्यात त्या पोशाखाला येणारा कुबट वास. एवढं असतं तर चक्रं जागी झाल्यावर मुंबईच जागी झाली असती.

आणि मुंबई हे तरी मोठं शहर. पुण्यातल्या रिलायन्स ॲनिमेशनने ‘लिटल सिंघम’ 2018 मध्ये आणली आणि देशभरची मुलं तिच्यामागे लागली. 2020 मध्ये किशोरवयीन सिम्बाही पोगोवर आला. हैदराबादच्या ग्रीन गोल्डचा ‘छोटा भीम’ 2008 पासून चालू आहे. या मालिकांनी आपल्या स्टुडिओंना परदेशी कामाच्या जोडीने स्वतःचं काम दिलं, कितीतरी घरं त्यांच्यावर चालली, तिचं घरही. गावं मात्र त्यांत कल्पनेतली. भिंती गुळगुळीत, रस्ते रुंद, कुठेही नेऊन ठेवता येतील असे. त्यामागे हिशेब आहे: गाव कुठलंच नसलं की मालिका सगळीकडे विकता येते.

इतवाऱ्यात परत आल्यावर तिच्या वहीत बदल होत गेला. पुण्यात असताना ती संदर्भासाठी व्हिडिओ बघायची. इथे खिडकी पुरते. केळीच्या घडांनी भरलेल्या गाडीवर चढणारा मुलगा घड खांद्यावर घेताना आधी मान आत ओढतो. क्लासहून येणाऱ्या मुली स्कार्फ बांधून स्कूटीवर असतात, तोंड दिसत नाही, तरी कोण दमली आहे आणि कुणाला कमी मार्क पडले आहेत ते पाठीवरून कळतं. रात्रपाळीला मागावर गेलेलं पोर सकाळी घरी येतं तेव्हा त्याच्या कानांत अजून मागाची खटखट असते. त्याला हाक मारली तर तो आवाजाकडे वळत नाही, ओठांकडे बघतो. हे शेवटचं तिने कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. डिस्नेचे फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी 1981 च्या आपल्या ग्रंथात ॲनिमेशनची बारा तत्त्वं मांडली आणि ती आजही सगळीकडे शिकवतात. ती तत्त्वं खरी आहेत. पण सोळा वर्षांचा मुलगा ओठांकडे का बघतो, हे तत्त्वात नाही, शेजारच्या घरात आहे.

या वह्यांतूनच तिच्या स्वतःच्या मालिकेची कल्पना उभी राहिली. नायिका चौदा वर्षांची, इतवाऱ्यात राहणारी, नववीतली. तिला जमिनीखालचं पाणी ऐकू येतं.

बुऱ्हाणपूरच्या माणसाला ही शक्ती कुठून आली ते सांगावं लागत नाही. 1615 च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखाना इथे असताना, सातपुड्याच्या बाजूने जमिनीखालून तापीकडे झिरपत येणारं पाणी वाटेत अडवण्याची योजना झाली. उतार धरून भूमिगत बोगदे खणले, त्यांवर थोड्याथोड्या अंतराने विहिरीसारखी तोंडं ठेवली म्हणजे हवा आणि उजेड आत जावा, आणि कुठलंही यंत्र न वापरता पाणी नुसत्या उताराने शहरापर्यंत आणलं. तोच कुंडी भंडारा. जमिनीवरून पाहिलं तर गोल कुंड्यांची एक रांग शेतांतून चाललेली दिसते. खाली उतरलं तर भिंतींवर क्षारांचे पांढरे थर चढलेले, पायाखाली वाहतं पाणी, आणि वरच्या तोंडातून पडलेला उजेडाचा गोळा. इतकं तयार दृश्य जगातल्या किती सुपरहिरोंच्या वाट्याला आलं असेल?

शक्तीचे नियम ठरवायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. नियमाशिवाय शक्ती म्हणजे लेखकाची सोय. शेवटी तिने तो नियम कुंड्यांकडूनच घेतला. सगळं पाणी खालून एकमेकांशी जोडलेलं आहे, म्हणून नायिकेने एका ठिकाणी पाणी वर ओढलं की दुसऱ्या कुठल्या तरी कुंडीची पातळी खाली जाते. इतवाऱ्यातल्या नळाला पाणी आणलं तर राजपुऱ्यातली आजी रिकामी घागर घेऊन उभी. दर भागात तिला निवडावं लागणार, आणि निवडण्याआधी कान देऊन ऐकावं लागणार. ऐकतानाची पोज बसवायला तिला मागावरच्या त्या पोराची आठवण झाली: नायिका पाण्याकडे कान करत नाही, ती जमिनीकडे अशी बघते की जणू जमीन बोलते आहे. शक्ती वापरली की तिचे कान दडे बसल्यासारखे होतात आणि आईची हाक ऐकू येत नाही. घरी त्यावरून बोलणी बसतात.

ही कल्पना घेऊन ती एका वाहिनीच्या बैठकीला बसली. समोरच्यांनी चित्रं आवडल्याचं सांगितलं, मग विचारलं की खलनायक कोण. तिने सांगितलं की ठरावीक खलनायक नाही. केळीला पाणी लागतं, बोअर दरवर्षी आणखी खोल जातात, बोअर घेणारा शेतकरी वाईट नाही, त्याचं कर्ज खरं आहे. वाहिनीचं म्हणणं पडलं की मुलांना समोर कुणीतरी लागतं ज्याला हरवायचं असतं, आणि खेळणी त्याचीही विकली जातात. शिवाय गाव बुऱ्हाणपूरच कशाला, कुठलंही चालेल. हे लोक दुष्ट नव्हते. त्यांना भागांची संख्या, वयोगट आणि वर्षाचा हिशेब सांभाळायचा होता. पण गाव बदललं की उतार बदलतो, उतार बदलला की पाणी, आणि पाणी बदललं की मुलीची शक्तीच उरत नाही, हे तिला त्या बैठकीत पटवता आलं नाही. आज ती बैठक पुन्हा झाली तर ती चित्रं मागे ठेवील आणि आधी नकाशा दाखवील.

मग तिने स्वतःच दोन मिनिटांचं ॲनिमॅटिक करायला घेतलं. रात्री, पोटापाण्याचं काम आटोपल्यावर. तात्पुरते आवाज गल्लीतलेच. बाबांनी नायिकेच्या आजोबांचा आवाज दिला आणि पहिल्याच ओळीला संहितेत नसलेला खाकरा घातला, तो तिने ठेवला आहे. शेजारच्या मुलांना चौकटी दाखवल्या तेव्हा एक जण पडद्याजवळ जाऊन ओरडला, ‘‘आपा, ये तो अपनी गली है!’’ आणि मग गोष्टीकडे कुणाचं लक्षच राहिलं नाही. कुणाचं घर दिसतंय, कुणाची सायकल आहे, दुकानाच्या पाटीवर नाव का नाही, यावर गलका सुरू झाला. मावा-जिलबीच्या कढईतली वाफ उलट्या बाजूला जाते, असंही एकाने दाखवून दिलं. वारा नदीकडून येतो. तिने वाफ बदलली.

सगळ्यात मोठी दुरुस्ती मात्र आईने सुचवली. या जातीच्या मालिकांचा पाया म्हणजे गुपित. नायक कोण आहे हे कुणालाही कळता कामा नये, त्यासाठी मुखवटा, खोटी कारणं, खिडकीतून ये-जा. आई म्हणाली, ‘‘अगं, इतवाऱ्यात कधी काही लपलंय का? पोरगी भिजून घरी आली की चार घरांना कळतं.’’ भिंतीला भिंत, गच्चीला गच्ची, दुपारी ओट्यावर बसलेल्या बायका. अशा गल्लीत गुपित राहील हे दाखवणं म्हणजे गल्लीच खोटी काढणं. त्या दिवशी तिने पहिल्या तीन भागांचा आराखडा मोडला.

आता मालिकेत नायिकेची शक्ती अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे आणि ती कुणीही बाहेर बोलत नाही. माहीत आहे असं ते एकमेकांनाही सांगत नाहीत. लपवायचं काम मुलीचं नाही, गल्लीचं आहे. यातून तिला अचानक पुष्कळ माणसं मिळाली आणि प्रत्येकाला काहीतरी करायला मिळालं. सध्या ती ज्या भागाचा बोर्ड काढते आहे, त्यात इंदूरहून एक वार्ताहर कॅमेरा घेऊन येतो. आटलेल्या कुंडीला एका रात्रीत पाणी कसं आलं, हे त्याला शोधायचं आहे. जिलबीवाला सांगतो की वर सातपुड्यात पाऊस झाला असणार. मागावरचा मुकादम म्हणतो, नगरपालिकेने पाइप बदलला. नायिकेची आजी त्याला घरात बोलावून बसवते, चहा देते आणि मुमताजमहल इथेच कशी वारली ती 1631 सालची हकीकत इतक्या विस्ताराने सांगायला घेते की त्याची शेवटची बस जाते. नायिका दाराआड उभी आहे, कान अजून दडे बसलेले, आणि आजी आपल्याबद्दल काय सांगते आहे हे तिला तिच्या ओठांवरून ओळखावं लागतं आहे. हा प्रसंग नव्वद सेकंदांचा ठरवला होता. आजी बोलायला लागल्यापासून तो अडीच मिनिटांवर गेला आहे, आणि तो कापायचा तिचा विचार नाही.